डोळ्यांतला पिवळा

मित्रांनो, मी एक जुना मॉनिटर आहे. दिसायला टीव्हीसारखाच, पण मागून खोल आणि उचलायला दोन माणसं लागतील इतका जड. माझ्यावर कधी मालिका लागली नाही की क्रिकेटचा सामना लागला नाही. कॅमेऱ्याने जे टिपलं, त्याचा रंग जसाच्या तसा दाखवायचा, एवढंच माझं काम. घरचा टीव्ही रंग भडक करून सगळ्यांना खूश करतो. मला ती मुभा नव्हती.

माझी उमेदीची वर्षं मुंबईच्या एका मोठ्या स्टुडिओत गेली. तिथे नवी यंत्रं आली आणि मला विकून टाकलं. गोधडीत गुंडाळून, ट्रकमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी बसून मी अमरावतीला आलो. राजापेठेत एका ट्यूशन क्लासच्या वरच्या मजल्यावर जुबेरचा छोटा स्टुडिओ होता. खाली मुलं सूत्रं घोकायची आणि वर लग्नाच्या फिल्म्स तयार व्हायच्या.

जुबेर कॅमेरा आणि एडिटिंग सांभाळायचा. रंगाचं काम त्याची बायको इफ्फत करायची. ती पातूरची. तिच्या माहेरी कपडे रंगवायचा धंदा होता, त्यामुळे रंगाशी तिची लहानपणापासून ओळख. सकाळी अंगणात घेतलेलं चित्र निळसर येतं, मंडपातलं लाल कापडामुळे लालसर येतं. ती दोन्ही एका उजेडात आणून बसवायची. नवरी तीच आहे, असं पाहणाऱ्याला वाटलं पाहिजे ना!

ती माझी फार काळजी घ्यायची. सकाळी मला सुरू करून आधी चांगलं गरम होऊ द्यायची. मग माझ्यावर रंगांच्या उभ्या पट्ट्या लावून माझा प्रत्येक रंग तपासायची. खिडकीला तिने जाड काळा पडदा लावला होता, माझ्यावर बाहेरचा उजेड पडू नये म्हणून.

ती वऱ्हाडातली वाईट वर्षं होती. शेतीच्या संकटाच्या बातम्या रोज यायच्या आणि गावोगावी कॅमेरे फिरायचे. मनोज नावाच्या एका तरुणानेही स्थानिक केबल वाहिनीसाठी छोटी फिल्म केली होती. वलगावकडच्या एका झेंडूची फुलं पिकवणाऱ्या कुटुंबाची. रंगाचं काम करून घ्यायला तो टेप घेऊन आमच्याकडे आला.

"ताई, जरा सुकं सुकं करा," तो म्हणाला. "सगळीकडं धूळ दिसली पायजे. पिवळा टोन मारा. लोकायले संकट समजलं पायजे ना."

"मागं तर झेंडू फुलला असंन, मनोजभाऊ. त्याले कुठं लपवू?" इफ्फत हसली. "आधी जसं आहे तसं लावते. मंग तुमची धूळ."

टेप सुरू झाली. माझ्या पडद्यावर भगवंत नावाचा शेतकरी आला. डोक्यावर पांढरी टोपी, बाजूला झेंडूचा ढीग. "आमाले कोनी काई विचारूनच नाई राह्यलं," असं काहीतरी तो सांगत होता. त्याचा चेहरा पिवळट दिसत होता. इफ्फतने पिवळा कमी केला. चेहरा ठीक झाला, पण टोपी निळी पडली. तिने टोपी पांढरी केली. चेहरा पुन्हा पिवळा. डोळ्यांतलं पांढरंसुद्धा पिवळं.

तिने रंग कमी-जास्त करायची चाकं इकडे फिरवली, तिकडे फिरवली. मग हात मागे घेतला.

"काहून थांबली?" जुबेरने विचारलं.

"याचे डोळे पाहा."

"झेंडूचा उजेड पडला असंन."

"मंग टोपीवर काहून नाई पडला? टोपी तर पांढरी आहे."

जुबेरने माझ्याकडे पाहिलं. "हा डब्बाच बिघडला असंन. जुना झाला."

मित्रांनो, त्या क्षणी मला भीती वाटली. आधी स्वतःपुरती वाटली. बिघडलेल्या मॉनिटरला कोण ठेवतं? पण लगेच दुसरी भीती आली आणि ती पहिलीपेक्षा मोठी होती. मी बिघडलो नसलो तर? तर त्या माणसाच्या अंगात काहीतरी भयंकर शिरलं होतं आणि त्याला ते माहीत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच मला वाटलं, आपण खोटे ठरलो तर किती बरं होईल.

इफ्फतने टेप थांबवली आणि माझ्यावर रंगांच्या पट्ट्या लावल्या. पिवळा, हिरवा, लाल, निळा. एकेक पट्टी ती जवळ येऊन पाहत होती. तिचा श्वास माझ्या काचेवर उमटत होता.

"मॉनिटर खरा आहे," ती हळूच म्हणाली. "त्या भाऊले कावीळ आहे."

मनोज खुर्चीतून उठला. "आता उन्हातानात काम करते तो. मले वाटलं, थकला असंन."

इफ्फतचं लक्ष मात्र आता दुसरीकडे होतं. भगवंतच्या मागे एक तरुण बाई खाली मान घालून फुलं निवडत बसली होती. तिचं पोट चांगलंच पुढे आलं होतं.

"ही कोन?"

"त्यायची पोरगी, करिश्मा. बाळंतपनाले माहेरी आली."

इफ्फतचा चेहरा उतरला. तिची थोरली बहीण नगमा अशीच गेली होती. सातव्या महिन्यात कावीळ झाली, घरच्यांनी झाडपाल्यावर भरवसा ठेवला आणि दवाखान्यात नेईपर्यंत ती शुद्धीवर नव्हती.

"हिचे डोळे दाखवा मले," इफ्फत म्हणाली.

जुबेर टेप पुढे-मागे करू लागला. करिश्मा फुलं निवडत होती, मान खाली. पाणी भरत होती, पाठमोरी. आईशी बोलत होती, पण पदर आड येत होता. "मान वर कर गं," इफ्फत माझ्या पडद्याशी बोलू लागली. "एकदा मान वर कर, माय." मी जिवाच्या आकांताने प्रत्येक चित्र स्वच्छ दाखवत होतो.

टेप संपत आली, तेव्हा कोणीतरी तिला हाक मारली असावी. तिने वर पाहिलं आणि कॅमेरा दिसला म्हणून ती लाजून हसली.

जुबेरने चित्र थांबवलं. ते हसरे डोळे झेंडूसारखे पिवळे होते.

"या अल्ला!" इफ्फत ओरडली. "चला. आत्ताच्या आत्ता चला!"

तिघंही जिन्यावरून धावत उतरले. मला बंद करायचंही कोणाला सुचलं नाही. माझ्या पडद्यावर करिश्माचा चेहरा तसाच राहिला. पण टेप फार वेळ एका जागी थांबवून ठेवता येत नाही, यंत्र आपोआप बंद होतं. खट्ट आवाज झाला, चेहरा गेला आणि मी काळा पडलो. त्या काळोखात मी जे भय सोसलं, ते कसं सांगू? मला पाय नाहीत, आवाज नाही. दाखवणं एवढंच माझ्या हाती होतं आणि दाखवायला आता काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी इफ्फत परत आली, तेव्हा तिच्या अंगावर कालचेच कपडे होते. तिच्या बोलण्यातून कळलं, ते पोचले तेव्हा करिश्माला उलट्या सुरू झाल्या होत्या. तिची आई शालू दाराशी आडवी उभी राहिली. "आमी कावीळ उतरवाले नेनारच होतो उद्या. तुमी कोन सांगनारे?" तेव्हा इफ्फतने तिचे दोन्ही हात धरले. "माही बहीन याच्यातच गेली, काकू. उद्या नका म्हनू." शालू दारातून बाजूला झाली आणि स्वतःच गाडी शोधायला पळाली.

भगवंत औषधांनी लवकर सावरला. करिश्मा मात्र बरेच दिवस कोणाला ओळखत नव्हती. बाळ वेळेआधीच जन्मलं, इवलंसं. त्या दिवसांत स्टुडिओतला फोन वाजला की इफ्फत तो उचलायला घाबरायची. फोन वाजतच राहायचा. एकदा जुबेरने उचलला, ऐकलं आणि तो भिंतीला टेकून खाली बसला. इफ्फतने तोंडावर पदर दाबला. तेव्हा तो म्हणाला, "पानी मागतलं तिनं. आईले हाक मारून पानी मागतलं."

बाळही जगलं. पुढे डॉक्टरांचं पथक त्या वस्तीत गेलं. नाल्याजवळ पाण्याचा पाइप फुटला होता, आणखीही कितीतरी घरांत डोळे पिवळे होते. मनोजने फिल्मवर धुळीचा रंग चढवला नाही.

त्यानंतर माझं खूप कौतुक झालं. पण काळ कोणासाठी थांबतो? पातळ, हलके पडदे आले. माझा लाल रंग फिका पडू लागला. आता मी अकोल्यात फुरकानच्या दुरुस्तीच्या दुकानात एका कोपऱ्यात आहे. तो कोणत्याही दिवशी माझे भाग सुटे करेल, याची भीती आहेच.

मित्रांनो, या दुकानात तुमच्यासारखी मुलं येतात. फोनवर फोटो काढतात आणि बोट फिरवून चेहरा गोरा, गुळगुळीत करतात. ते पाहून माझ्या काचेवर काटा येतो. रंग बदलणं ही सुंदर कला आहे, ती जरूर शिका. पण तुमच्या आईचा फोटो काढाल ना, तेव्हा तो उजळ करण्याआधी एकदा थांबा. तिच्या डोळ्यांकडे नीट पाहा. आणि तिथे काही वेगळं दिसलं, तर फोन खाली ठेवा आणि तिला विचारा, "आई, तुले बरं वाटते ना?"