कपाटातली पाटी

खट् आवाज झाला आणि पाटी कीबोर्डापासून सुटली. अण्णांनी ती लांब धरून, तोंड भिंतीकडे करून, आतल्या खोलीतल्या लाकडी कपाटापाशी नेली. खालच्या कप्प्यात शाली होत्या. त्यांच्याखाली त्यांनी पाटी पालथी घातली आणि वरून आणखी एक शाल दाबून बसवली.

"बस आता इथे," ते म्हणाले, "आणि बघ काय बघायचंय ते."

आता शालींखालच्या पाटीशी बोलणारा माणूस बघून कोणालाही वाटेल, म्हातारा भ्रमिष्ट झाला. तसं काही नव्हतं. अण्णा म्हणजे सरकारी कचेरीतले निवृत्त टायपिस्ट, आणि कचेरीत जन्म घालवलेल्या माणसाला कोण कशासाठी काय आणून देतं याचा वास लांबून येतो. हा लॅपटॉप मुलीने आणून दिला होता. वजनाला वहीएवढा. पडदा लावला की लॅपटॉप, ओढून काढला की नुसती पाटी. गॅलरीत न्या, पलंगावर न्या, दवाखान्यात नंबर लागेपर्यंत बातम्या वाचत बसा.

"हे बघा अण्णा," मुलगी त्या दिवशी उत्साहाने सांगत होती. पन्नाशीला आलेल्या या मुलीला घरात सगळे अजून बेबीच म्हणत. "इथे धरायचं, ओढायचं, सुटलं. टेकवलं की चुंबकाने आपोआप चिकटतं. पडद्याला कुलूपबिलूप ठेवलेलं नाही, उगाच तुमची पंचाईत नको. अक्षरं तुमच्या जुन्या मशीनचीच घातलीत, बोटं जातील तिथे तेच अक्षर उमटेल. आणि हे पान मात्र उघडंच ठेवायचं हं. इथे काही लिहिलंत की मला तिकडे फोनवर दिसतं."

"तुला दिसतं."

"हो ना! किती सोयीचं आहे!"

कोणाच्या सोयीचं, हे अण्णांनी विचारलं नाही. आई गेल्यापासून बेबीचा एकच धोशा होता, अण्णा, आमच्याकडे राहायला चला. दर फोनला तेच. मग एकाएकी तिने विचारणं थांबवलं, आणि हा लॅपटॉप आला. मागणं सोडून देणारी पोरच नव्हे ती! लहानपणी एका फुग्यासाठी तिने अख्खा रस्ता रडून डोक्यावर घेतला होता. म्हणजे आता पुरावा गोळा करायचा बेत होता. बाप चुकतो, बाप पडतो, बापाला एकट्याला ठेवण्यात अर्थ नाही, एवढं सिद्ध झालं की उचलबांगडी. पाटीला पुढे एक डोळा होता, मागे एक. अण्णांना शंका उरली नाही.

फक्त रविवारी बेबी त्यावर तोंड दाखवून बोलायची, तेव्हा पाटी बाहेर निघे. तेवढ्यात तिला चार्जिंगला लावत. "बरं आहे. जेवलो. ठेवतो." मग न बघताच बाजूचं बटण दाबून पडदा काळा करायचा आणि पुन्हा शालींखाली.

कीबोर्डावर मात्र त्यांचा राग नव्हता. त्याला डोळा नाही, कान नाही, पडद्यावाचून तो बिचारा नुसता लाकडाचा ठोकळा. दुपारी अण्णा गॅलरीत खुर्ची टाकत, कीबोर्ड मांडीवर घेत, आणि बोटं चालू करत. किती वर्षांनी! टायपिस्टाला अक्षर उमटलेलं बघावं लागत नाही, बोटांना कळतं. हलक्या, बसक्या कळा होत्या, जुन्या मशीनचा ठणठणाट नव्हता, तरी बोटं अशी खूश झाली की अण्णांना स्वतःचीच गंमत वाटली. सुरुवातीला नुसतेच "वरील विषयास अनुसरून" आणि "आपला विश्वासू" बडवले. मग हळूहळू मनातलंच उतरू लागलं. कुठे उमटणार होतं? हवेत! हवेत लिहायला कोणाची भीती?

"आज बाथरूममध्ये पाय सटकला. कोणाला सांगितलेलं नाही."

"गॅस चालू ठेवून पेपर वाचत बसलो. वास आला तेव्हा कळलं. खिडक्या उघडल्या. कोणाला सांगायचं नाही."

"या घरात अंधारातसुद्धा दिव्याचं बटण हाताला बरोबर लागतं. बेबीच्या घरी मी उजेडातही शोधत असतो."

आणि एकदा रागाच्या भरात, "हिची आई जाताना बेबी आली ती परतीचं तिकीट काढूनच आली."

हे लिहून झाल्यावर त्यांनी कीबोर्ड पालथा घातला होता. पण मनावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं, हेही खरं.

गडबड पुढच्या रविवारी सुरू झाली.

"अण्णा, बाथरूममध्ये जपून हं," बेबी म्हणाली. "एक रबराची चटई पाठवते आहे."

अण्णांनी दुखरा पाय खुर्चीखाली ओढला. "का? बाथरूमचं काय?"

"सहज आपलं."

कचेरीत कोणी "सहज आपलं" म्हणालं की अण्णा दुप्पट सावध होत. त्याच्या पुढच्या रविवारी तिने गॅसची शेगडी बदलून घ्यायची गोष्ट काढली, आपोआप बंद होणारी मिळते म्हणाली. आता मात्र हद्द झाली. गॅसचं तर कोणालाच ठाऊक नव्हतं. पाटी कपाटात, तीही पालथी. मग सांगितलं कोणी?

समोरच्या दाराकडे त्यांची नजर गेली.

समोर राहत मास्तर, निवृत्त शिंपी. रोज संध्याकाळी दोघांचा चहा एकत्र व्हायचा, एक दिवस इकडे, एक दिवस तिकडे. जास्तीची किल्ली त्यांच्याकडेच असे. अण्णांना लंगडताना त्यांनी पाहिलं असणार. त्या दिवशी उघड्या खिडक्याही पाहिल्या असणार. शिंप्याची नजर ती, टाका सुटलेला दिसल्यावाचून राहील?

अण्णांनी सापळा लावला. चहा पिताना गाल धरून म्हणाले, "दाढ ठणकतेय हो मास्तर. खाणंपिणं सुटलंय." आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कीबोर्डावर मोठ्या समाधानाने बडवलं, "मास्तरला दाढेची थाप मारली आहे. आता बघू बेबी काय विचारते."

रविवारी बेबीने दाढेचं अवाक्षर काढलं नाही.

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, सुटले मास्तर. अण्णा म्हणाले, पक्का बेरकी! थाप ओळखली आणि पुढे सांगितलीच नाही. त्याच संध्याकाळी ते समोर गेले.

"माझी किल्ली द्या."

"का हो? नवीन कुलूप घातलंत?" मास्तर हसले.

"माझ्या घरातल्या बातम्या बाहेर जायला लागल्यात. भोक बुजवतोय."

मास्तरांचं हसू गेलं. खिळ्यावरची किल्ली काढून त्यांनी अण्णांच्या हातावर ठेवली. "चौकशी तरी करायचीत आधी," एवढंच म्हणाले, आणि दार लावून घेतलं. चहा बंद झाला.

अण्णांनी ते भांडण इत्थंभूत टाइप केलं. आणि रविवारी बेबी म्हणाली, "अण्णा, मास्तरांशी असं तोडू नका हो. चांगला माणूस आहे."

झालं! आणखी कसला पुरावा हवा? भांडण दोघांत झालेलं. अण्णांनी सांगितलं नाही, मग उरलं कोण? आता खात्रीच पटली म्हणून त्यांना खरं तर बरं वाटायला हवं होतं, पण संध्याकाळी एकट्यासाठी केलेला चहा त्यांनी अर्धा ओतून दिला.

त्यानंतरची गोष्ट बाजारातली. भाजी घेऊन परतताना अण्णा चौकात थांबले आणि आपली गल्ली कोणती हेच त्यांना कळेना. रोजचा चौक, रोजची दुकानं, सगळं ओळखीचं, आणि आपण जायचं कुठे तेवढंच पुसलेलं. भाजीची पिशवी त्यांनी या हातातून त्या हातात घेतली. कोणाला विचारणार? आपलं घर कुठे आहे हो? तेवढ्यात पुढ्यातून पिशवी घेतलेले मास्तर गेले. बोलले नाहीत, बघितलंसुद्धा नाही. नेहमीपेक्षा बरेच सावकाश चालत होते. अण्णा त्यांच्या मागे मागे गेले आणि घरी पोचले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मांडीवर कीबोर्ड घेऊन त्यांनी टाइप केलं, "काल चौकात घर सापडेना. मास्तर बाजारातही पाळतीवर असतो, त्याच्या मागून आलो." थोडं थांबून पुढे टाइप केलं, "मला फार भीती वाटते."

सकाळी दारात बेबी उभी. न कळवता. हातात मोठी बॅग, आणि बॅग रिकामी, हे ती ज्या हलकेपणाने उचलत होती त्यावरून अण्णांनी तिथल्या तिथे ओळखलं.

"आलीस?" ते म्हणाले. "मास्तरने तार केली वाटतं."

"मास्तरांनी मला काहीच सांगितलेलं नाही, अण्णा. कधीच नाही." ती आत आली. "पाटी कुठे आहे?"

"कुठे का असेना."

तिने इकडेतिकडे पाहिलं आणि अण्णांची नजर चुकून कपाटाकडे गेली तशी कपाट उघडलं. शालींखालून पाटी काढून त्यांच्यासमोर धरली. पडदा उजळला. पान उघडंच होतं. आणि त्यावर, वरपासून खालपर्यंत, एकही अक्षर न चुकलेलं, सगळं होतं. बाथरूम, गॅस, दाढ, मास्तर, चौक.

"हे… हे कसं?" अण्णांनी कीबोर्डाकडे बोट दाखवलं. "हा तर सुटा होता!"

"सुटा असला तरी चालतो तो, अण्णा. तारेशिवाय. कळ दाबली की पाटी जागी होते, आणि दुसऱ्या खोलीत असली तरी त्याचं लिहिलेलं तिच्यावर पोचतं. मी त्या दिवशी सांगायची राहिले."

अण्णा खुर्चीत बसून ओळी वाचू लागले. पडद्यावर त्यांना नको ती ओळ दिसली, परतीच्या तिकिटाची. त्यांनी झटकन हाताने ती झाकली.

"ती वाचली मी," बेबी म्हणाली. "खरंच आहे ते."

"रागात लिहून गेलो गं बाळ. हवेत लिहीत होतो मी."

"कळलं होतं मला, की तुम्हाला माहीत नाहीये. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर तुम्ही थांबला असता." तिने डोळे पुसले. "फोनवर तुम्ही काय बोलता? बरं आहे, जेवलो, ठेवतो. दुपारी ऑफिसात फोन उघडला की तुम्ही दिसायचात. चोरून वाचत होते, हे मला कळत का नव्हतं?"

म्हणजे डोळा होताच. अण्णांना वाटलं होतं तसाच. फक्त तो रागाने बघत नव्हता, आणि तेच त्यांना सहन होईना. ते उठले, चप्पल न घालताच समोर गेले आणि दार वाजवलं.

"मास्तर, माझं चुकलं. तुमचा काही संबंध नव्हता. आणि परवा तुम्ही मला घरी आणलंत."

मास्तरांनी त्यांना खालपासून वरपर्यंत निरखलं. "मी कुठे आणलं? मी माझ्या घरी चाललो होतो. तुम्ही मागे आलात." मग दार पूर्ण उघडून म्हणाले, "अनवाणी काय उभे राहता, आत या. लेक आलीय ना? तिलाही बोलवा, तिघांचा टाकतो."

चहा झाल्यावर बापलेक घरी आले. बॅग दाराशी तशीच पडलेली होती. बेबीने ती पायाने खुर्चीमागे सरकवली.

"न्यायलाच आले होते," ती म्हणाली. "पण ते दिव्याच्या बटणाचं वाटेत पुन्हा वाचलं. मी नाही विचारणार, अण्णा. तुम्हाला इथे राहायचं तर इथे राहा. मी येत जाईन."

अण्णा टेबलापाशी गेले. पाटी टेबलावर पडली होती. त्यांनी कीबोर्ड आणून तिला टेकवला, आणि तो चिकटला. कचेरीत असताना सगळ्या खात्याच्या बदल्या त्यांच्याच बोटांखालून गेल्या होत्या. माणसं टेबलापाशी येऊन गयावया करत, साहेबांना सांगा ना हो, आई आजारी आहे, पोरांची शाळा आहे. अण्णा मान वर न करता टाइप करत राहत. हुकूम त्यांचा नसे, पण शिव्या त्यांनाच बसत. त्यांची स्वतःची बदली मात्र कधी झाली नव्हती.

बोटं चालू झाली. बेबी मागे उभी राहून वाचू लागली.

"विषय : बदलीबाबत. सेवानिवृत्त टायपिस्ट अण्णा यांची, त्यांच्या स्वतःच्या विनंतीवरून, त्यांच्या कन्येच्या घरी बदली करण्यात येत आहे."

"अण्णा, मी विचारलं नाहीये!"

"म्हणून तर." त्यांनी 'स्वतःच्या विनंतीवरून' या शब्दांवर बोट ठेवलं. "हे नीट वाच. हे नसतं तर मी आलो नसतो."

पुढची ओळ अर्धी टाइप करून ते थांबले. त्यांनी मान वर केली नाही, केली असती तर बेबीला त्यांचे डोळे दिसले असते.

"रुजू व्हायची तारीख काय घालू?" त्यांनी विचारलं.

बेबीने रिकामी बॅग खुर्चीमागून ओढून काढली. अण्णा कळांवर बोटं टेकवून वाट बघत राहिले.