तांदळातलं नाव

ही दोन हजार तीन सालची गोष्ट. स्नेहलताबाई जर्मनीत झिंडेलफिंगेनला लेकाकडे आल्या होत्या. एक दिवस त्या सुनेला म्हणाल्या, "सुमेधा, ते नाझींनी छळलेल्यांना भरपाई देतात, त्या ऑफिसात ने मला. पैसे मिळोत न मिळोत, माझं नि आईचं नाव सरकारी कागदावर एकदा शेजारी शेजारी बघायचंय."

स्नेहलताबाई जन्माच्या रूथ, हायडेलबर्गच्या ज्यू घरातल्या. नाझींच्या धास्तीने आईबापांनी पाच वर्षांच्या लेकीला मावशीबरोबर मुंबईच्या बोटीत बसवलं. ते मागे राहिले आणि छळछावणीत मारले गेले. मावशीही लवकर गेली. पोर पुण्यात शेजाऱ्यांनी वाढवली, आणि ती पेठेतल्या बायकांहून पेठेतली झाली.

अर्ज तपासणाऱ्या फ्राऊ केलर चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "आल्झो, तर मग, जन्मदाखल्यावर रूथ, पासपोर्टवर स्नेहलता. नाव कोणी बदललं?"

सुमेधा दुभाष्याचं काम करत होती.

"ह्यांनी. लग्नात," सासूबाई म्हणाल्या.

"कोणत्या कागदावर?"

"कागद कसला? ताटात तांदूळ पसरले आणि अंगठीने लिहिलं."

"मग ते तांदूळ कुठे आहेत?"

"दुसऱ्या दिवशी खीर केली."

फ्राऊ केलरनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे कुटुंबाने पुरावा खाल्ला."

"गेनाऊ," सासूबाई म्हणाल्या. लहानपणची जर्मन कधीच पुसली गेली होती; नातीच्या तोंडून उचललेला, 'अगदी बरोबर' अशा अर्थाचा तेवढा एकच शब्द त्यांना येत होता.

"खाणाऱ्यांपैकी कोणी हयात आहे?"

नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. उरली पुण्याची नणंद, सुलेखा. ती फोनवर म्हणाली, "वहिनी, पन्नास वर्षं गप्प बसले. आता शपथेवर विचारताय, तर खरं तेच सांगणार."

तिचं प्रतिज्ञापत्र आलं. 'माझा भाऊ शरदचंद्र याने रूथचं नाव तांदळात स्नेहलता असं लिहिलं. त्या तांदळाची खीर मी खाल्ली. खीर करपली होती.'

शेवटचं वाक्य गाळावं, असं सुमेधाचं मत पडलं. सरकारमान्य भाषांतरकार ऐकेना.

"करपली नव्हती," सासूबाई धुसफुसल्या. "ही उशिरा आली, तिला तळची मिळाली."

फ्राऊ केलरनी नेमकं त्याच वाक्यावर बोट ठेवलं. "हे खरं आहे. खोटी साक्ष देणारी खीर करपवत नाही."

मंजुरीच्या कागदावर होतं, 'रूथ, क्लारा यांची कन्या, विवाहानंतर स्नेहलता.' सासूबाईंनी नवऱ्याची तीच अंगठी बोटातून काढली आणि 'क्लारा'च्या अक्षरांवरून हळूच फिरवली.

फ्राऊ केलर निवृत्त झाल्यावर पुण्याला जाऊन सुलेखाच्या हातची खीर खाऊन आल्या. सुलेखा पुढे चार वर्षांनी गेली. खीर करपलीच होती, हे शेवटपर्यंत धरून. सुमेधाने दुभाष्याची परीक्षा दिली आणि आता ती तेच काम करते. नात मुक्ताचं लग्न दोन हजार आठ साली झालं. तिने नाव बदलायला साफ नकार दिला, म्हणून नवऱ्याने तांदळात 'मुक्ता' असंच लिहिलं. स्नेहलताबाईंनी त्या ताटाचे चारी बाजूंनी फोटो काढून घेतले आणि मगच तांदूळ शिजवायला दिले. खिरीपाशी मात्र त्या स्वतः उभ्या राहिल्या.