एका टोकाला वेंडेलिन, दुसऱ्या टोकाला ओटमार

मित्रांनो, तुम्हीही कधीतरी माझ्यासारख्यावर कोपर टेकून बसाल, ओला पेला तसाच ठेवाल आणि पोट भरले की निघून जाल. म्हणून आधीच सांगून ठेवते. मी मेपलच्या लाकडाचे जुने मेज आहे, आणि माणसांना पुरते वैतागले आहे.

आमच्या गावात चर्चच्या समोर 'काळे अस्वल' नावाची खानावळ आहे. हल्लीची मालकीण रोस्विता. तिच्या आजोबांनी गावातल्या सुताराला सांगून मला करवून घेतले. त्या सुताराने मला रंग दिला नाही की तेल लावले नाही. "हे घासूनच गोरं राहील," असे तो म्हणाला आणि माझ्या नशिबी दर शनिवारी गरम पाणी आणि वाळू आली. अंग सोलून निघायचे, पण रविवारी सकाळी मी असे उजळायचे की चर्चमधून आलेली माणसे बसण्याआधी माझ्यावरून हात फिरवायची. त्या वेळी मला माझा फार अभिमान वाटे.

मी नेहमीच्या मंडळींचे मेज. इथे येणारा कोणी हात मिळवत बसत नाही. बोटांची हाडे माझ्यावर दोनदा ठोकतो, की झाला सगळ्यांना नमस्कार. परक्याला माझ्याजवळ बसायची मुभा नाही. एखादा प्रवासी चुकून बसलाच तर रोस्विता कमरेवर हात ठेवून उभी राही.

"तिथं नका बसू. भरलंय ते."

"पण इथं तर कुणीच नाही!"

"येतील," असे म्हणून ती त्याला खिडकीपाशी हाकलायची.

आणि खरेच येत. कौले शाकारणारा वेंडेलिन येई. त्याचा मेहुणा ओटमार येई. तो मधमाश्या पाळायचा. शाळेतून निवृत्त झालेल्या गिझेला बाई येत, आणखीही चारपाच जण येत. आत स्वयंपाकघरात आफ्रा असायची. आफ्रा म्हणजे वेंडेलिनची बायको आणि ओटमारची सख्खी बहीण. तिच्या हातचे बटाट्याचे गोळे खायला शेजारच्या गावांतून लोक यायचे.

आता जे झाले ते ऐका, आणि मला सांगा, मी वैतागू नको तर काय करू?

एका रविवारी आफ्राने ताटे स्वतः आणून मांडली. डुकराच्या खांद्याचा भाजलेला तुकडा, वर कुरकुरीत साल, भोवती रस्सा आणि कडेला दोन गोळे. ओटमारने काट्याने गोळा फोडायला घेतला. तो फुटेना. त्याने सुरी उचलली आणि सगळ्यांचे हात थांबले. आमच्याकडे गोळा काट्याने उलगडतात. त्याला सुरी लावणे म्हणजे करणारीला तोंडावर नावे ठेवणे.

"आफ्रे, आज काय दगड उकडलेस का गं?" ओटमार हसत म्हणाला.

इतर वेळी तिने त्याला सोडले नसते.  त्या दिवशी मात्र हात एप्रनला पुसत ती आत निघून गेली. थोड्याच आठवड्यांत तिला इस्पितळात नेले, आणि तिथून ती परत आली नाही.

तेव्हापासून वेंडेलिनने ओटमारशी बोलणे टाकले. बरे, टाकले तर टाकले, दुसरीकडे जाऊन बसावे की नाही? छे! दर रविवारी दोघे येणार, माझ्यावर ठोकणार, एक या टोकाला, एक त्या टोकाला, आणि मध्ये बिचाऱ्या गिझेला बाई.

"बाई, त्या माणसाला सांगा, मीठ इकडे सरकव."

"ओटमार, मीठ."

"बाई, त्याला सांगा, सरकवलंय."

"वेंडेलिन, सरकवलंय."

"दिसतंय मला. आंधळा नाही म्हणावं!"

हे असे वर्षानुवर्षे चालले. मिठाची वाटी माझ्या अंगावरून इकडून तिकडे जाई आणि मला वाटे, एकदा पाय झाडावा आणि सगळे मीठ यांच्या रश्श्यात ओतावे. पण मेजाला पाय चार असले तरी झाडता एकही येत नाही.

शेवटी बाईंचाच बांध फुटला. वेंडेलिन म्हणाला, "बाई, त्याला सांगा, जरा कमी आवाज करून चाव." बाईंनी काटा खाली ठेवला.

"आयुष्यभर मी पहिलीची पोरं सांभाळली. ती मधल्या सुट्टीत भांडायची आणि मधल्या सुट्टीतच मिटवून टाकायची. तुम्ही दोघं नापास! मी काय टपालखातं आहे का? आता रविवारी मी घरी आमलेट करून खाईन, पण इथं पाऊल ठेवणार नाही."

त्या कोट घालून निघून गेल्या. त्यांच्यामागे बाकीचेही हळूहळू पांगले. सुतकातल्यासारख्या जेवणात कुणाला गोडी असणार? उरले हे दोघे आणि मधली माझी रिकामी फळी.

"एवढं थोरलं मेज दोन मुक्यांसाठी अडवू होय?" रोस्विता करवादली. तिने मला उचलवून मागच्या पडवीत टाकले आणि माझ्या जागी दोन चिमुकली टेबले मांडली. एक वेंडेलिनला, एक ओटमारला.

मित्रांनो, पडवीतले दिवस आठवले तरी माझ्या फळ्या आक्रसतात. माझ्यावर गाडीचे जुने टायर आले. फुलांची फुटकी कुंडी आली आणि तिच्या गळक्या बुडाने माझ्यावर काळे कडे उमटवले. मग शरद ऋतूच्या पावसात वरचे कौल सरकले आणि धार थेट माझ्यावर लागली. माझी मधली फळी फुगू लागली. भांडण यांचे, आणि कुजायचे मी!

एका रविवारी रोस्विताने पडवीत डोकावून ते पाहिले आणि आत जाऊन असा आवाज चढवला की मला तिथवर ऐकू आला. "ते मेज सडायला लागलंय! या आठवड्यात फोडून भट्टीत घालते. निदान ऊब तरी देईल!"

थोड्या वेळाने पडवीला शिडी लागली. भिजत भिजत वेंडेलिन वर चढत होता. त्याचे गुडघे कधीचेच गेलेले. एक पायरी चढला की कण्हायचा. तेवढ्यात उघड्या दारातून मला ओटमार दिसला. गळ्यात रुमाल तसाच अडकलेला. ताटावरून उठून आला होता. तो खाली उभा राहिला. आजूबाजूला निरोप सांगायला कुणीच नव्हते.

"खाली उतर," शेवटी ओटमारच बोलला. "तुझ्या गुडघ्यांत जीव नाही."

वेंडेलिनने वरून खाली पाहिले. मग, "तू कोण मला सांगणारा? आणि शिडी कशाला हलवतोस?"

"मी धरलीय! हलतोयस तू!"

"मग नीट धर, गाढवा!"

"आणि तू त्या गाढवाचा मेहुणा! डावीकडचं कौल सरकव, डावीकडचं!"

"कौलं मला शिकवू नकोस. तू माश्या सांभाळ!"

इतक्या वर्षांनी तोंड उघडले ते हे असे. पण धार थांबली. दोघे ओलेचिंब होऊन आत आले आणि बिअरचे रिकामे खोके पालथे घालून माझ्याजवळ बसले. वेंडेलिनने बाहीने माझ्यावरचे पाणी निपटले.

"आफ्रा त्या दिवशी घरी येऊन रडली," तो म्हणाला.

"मी तसं बोलायला नको होतं."

"गोळे दगडच होते."

ओटमार त्याच्याकडे पाहतच राहिला.

"दगडच होते," वेंडेलिन पुन्हा म्हणाला. "बटाटा किसला की फडक्यात घालून घट्ट पिळावा लागतो. तिला पिळवेना. पाणी राहिलं म्हणून ती पिठावर पीठ घालत गेली. तिच्या हातातला जोर गेला होता. इस्पितळात तिनंच सांगितलं मला. तुला काटा लावताच कळलं, ओटमार. मी तिच्याबरोबर राहत होतो, रोज तिच्या हातचं खात होतो, आणि मला कळलं नाही."

"अरे, मग हे मला आधी सांगायला काय झालं होतं तुला?"

"कसं सांगू? तुझ्यावर चिडलं की स्वतःवर चिडायला सवड उरत नव्हती."

ओटमारने डोळ्यांवरून रुमाल फिरवला. "मला तरी कुठं कळलं? मी हसलो. बहीण होती माझी, आणि मी सुरी घेऊन हसलो."

मग दोघांनीही माझ्या ओल्या फळीवर कोपरे टेकली.  मला ती जड झाली नाहीत.

त्याच दुपारी दोघांनी धापा टाकत मला आत आणले. "आत्ता? गिऱ्हाईक बसलंय!" रोस्विता ओरडली. "गिऱ्हाईक उठव आणि वाळू आण," वेंडेलिन म्हणाला. ती बडबड करत गेली आणि बादलीभर वाळू घेऊन आली. काळे कडे काही पुरते गेले नाही. पुढच्या रविवारी दोघे गिझेला बाईंच्या दारात जाऊन उभे राहिले.

"आधी कोण कुणाशी बोलतंय ते दाखवा," बाई दारातूनच म्हणाल्या.

"वेंडेलिन, बाईंना सांग की..."

"तूच सांग की! तुला तोंड नाही?"

बाईंनी कोट चढवला.

हे सारे नंतर त्यांनीच माझ्यावर कोपर टेकून हसत हसत सांगितले. आता हे दोघे इतके बडबडतात की रस्सा थिजून जातो, आणि मी पुन्हा वैतागते. माणसांचे काही खरे नाही.

मित्रांनो, ओल्या पेल्याखाली चकती ठेवा. आम्हा मेजांना पावसात टाकू नका. आणि ताट समोर आले की आधी ते आणणाऱ्या हातांकडे बघा. ते थकलेले दिसले तर उठून त्यांच्याजवळ जा आणि विचारा. जेवण कसे झाले आहे, ते मागाहून सांगा.