बबडीचा गट

नवा वाचन उपक्रम आला आणि चौथीच्या बाईंच्या जिवाला घोर लागला. रोजचा पहिला तास इयत्ता विसरायची, जसं वाचता येतं तसे गट पाडायचे. अक्षरांपाशी अडलेली मुलं पहिलीच्या खोलीत, गोष्ट वाचणारी ग्रंथालयात. चाचणी ज्याने त्याने आपल्याच वर्गाची घ्यायची. आणि बाईंची लेक, बबडी, त्यांच्याच वर्गात होती.

बबडी घरी घडाघडा वाचायची. महिन्यापूर्वी मात्र चुकून दोन पानं एकदम उलटली, तरी ती मधल्या पानावरचं बोलतच राहिली. तेव्हा बाईंना कळलं. पोरगी वाचत नव्हती, पाठ म्हणत होती.

चाचणीचा उतारा नवा होता.

"आई, हे आपल्या पुस्तकातलं नाही."

"शाळेत बाई म्हणायचं. वाच."

"क... का..." बबडी रडकुंडीला आली. मागच्या रांगेने कान टवकारले.

"बस, झालं!" म्हणत बाईंनी तिच्या नावापुढे 'गोष्ट' लिहून टाकलं.

निकालाचा तक्ता मुख्याध्यापिकांच्या कपाटात गेला आणि बबडी ग्रंथालयातल्या गटात. दोन दिवस कुणी हसलं तरी बाईंना वाटायचं, बिंग फुटलं. तिसऱ्या दिवशी बबडी अंथरुणातून उठेना.

"पोट दुखतंय."

"कुठे दुखतंय?"

"ग्रंथालयात."

बाईंना हसूही आलं नि रडूही. शाळेत पोचताच त्या मुख्याध्यापिकांसमोर उभ्या राहिल्या. "एक नोंद खोटी आहे. माझ्या मुलीची."

मुख्याध्यापिकांनी चष्मा काढला. "आकडे वरच्या कार्यालयात गेलेत, बाई. आता लेखी खुलासा द्यावा लागेल. ठपका येईल तुमच्यावर."

"येऊ दे."

दुसऱ्या दिवशी बबडी पहिलीच्या खोलीत बसली. बाकाखाली तिचे गुडघे मावत नव्हते. बाई दाराआडून बघत होत्या. आता हसतील पोरं, आता ही पळून येईल. शेजारच्या चिमुरडीने अक्षराचं कार्ड तिच्यापुढे सरकवलं. "हा भ आहे, म नाही. मी पण फसते."

बबडीने कार्ड डोळ्यांजवळ नेलं. "भ," ती मोठ्याने म्हणाली.

संध्याकाळी बाई खुलासा लिहायला बसल्या. तीनदा कागद फाडला. बबडी येऊन टेबलाला रेलली.

"उद्याही तिकडेच ना?"

"हो."

"मग बरं," म्हणून ती खेळायला पळाली. बाईंनी चौथा कागद पुढे ओढला. या वेळी पहिलं वाक्य उतरलं.