रुखमाबाई परत आली तेव्हा

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. माझ्यातून चंद्र दिसत नाही, की ताडोब्यातला वाघही दिसत नाही. तुम्ही सगळे आईच्या पोटात जिथे वाढलात, त्या गर्भाशयाचं तोंड मी मोठं करून दाखवते. तिथे कर्करोग होण्याच्या बरीच वर्षं आधी एखादा चट्टा उमटतो. तो दुखत नाही, म्हणून बाईला कळतही नाही. पातळ व्हिनेगर लावलं की तो पांढरा होतो आणि माझ्या दिव्याच्या उजेडात भिंगाखाली स्पष्ट दिसतो.

दूर दक्षिणेतल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. एका संशोधनासाठी मला या धानाच्या आणि जंगलाच्या मुलखात आणलं गेलं. खेड्यातच तपासणी करून चट्टा त्याच दिवशी तापलेल्या उपकरणाने शेकून नष्ट केला, तर किती बायका कर्करोगापासून वाचतील, हे त्यात पाहायचं होतं. आमच्या प्रमुख डॉक्टर हाजरा मॅडम. बल्लारपूरच्या एका शिंप्याची लेक. त्या मला जाड चादरीत गुंडाळून गाडीत ठेवत. कोळशाच्या खाणींचे ट्रक समोरून आले की आमची गाडी रस्त्याखाली उतरायची. तेव्हा मॅडमचा हात सगळ्यात आधी माझ्यावर यायचा. एवढी माया मला पुढे मिळाली नाही.

नागभीडकडच्या एका शिबिरात रुखमाबाई आली. चाळिशीची, धानाची शेती करणारी. सोबत तिची धाकटी जाऊ धुरपता होती. धुरपताच्या तपासणीत काही निघालं नाही. रुखमाबाईच्या वेळी मात्र मॅडम माझ्यावर वाकल्या आणि बराच वेळ तशाच राहिल्या.

"रुखमाबाई, हा कॅन्सर नाही. पण तसाच ठेवला तर होऊ शकतो. आता शेकून टाकू. थोड्या वेळात घरी जाल."

"मले तं काहीच दुखून नाई राह्यलं, मॅडम."

"दुखायला लागेल तेव्हा उशीर झालेला असेल."

रुखमाबाईने मान खाली घातली. "मालकाले इचारतो. धानाचं रोवणंबी पडून आहे. ते आटोपलं का येतो."

"करून घे न बाई," धुरपता म्हणाली. मॅडमनीही पुन्हा समजावलं. पण बाईच्या मनाविरुद्ध काही करायचं नाही, हा संशोधनाचा नियम होता. "नक्की या," एवढंच त्या म्हणाल्या.

रोवणं आटोपण्याआधीच आमची मुदत संपली. मॅडमची नेमणूक दुसऱ्या राज्यात झाली. जाताना त्यांनी मला तिथल्याच एका लहान दवाखान्याकडे सोपवलं. तिथे थोड्याच दिवसांत माझा दिवा गेला. तो कोणी मागवायचा, हे काही ठरेना. शेवटी मला सलाइनच्या खोक्यांमागे कोठीत ढकललं.

आणि मग रुखमाबाई आली. भिंतीपलीकडून मी तिचा आवाज ओळखला.

"मालक हो म्हनले. मॅडम कुठी आहेत?"

"त्या गेल्या. मशीन बंद आहे. चंद्रपूरले जा," नर्स म्हणाली.

"चंद्रपूरले कोनापाशी जाऊ?"

नर्सने पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं. रुखमाबाई निघून गेली. माझी भिंगं तेव्हा स्वच्छ होती, मित्रांनो. फक्त दिवा नव्हता.

पुढे संशोधनाचा निष्कर्ष आला. त्याच दिवशी शेकून घेतलेल्या बहुतेक बायका निरोगी राहिल्या होत्या. मोठ्या शहरांत त्याचं कौतुक झालं. मी कोठीतच होते.

बऱ्याच वर्षांनी, पाळी थांबल्यावरही रुखमाबाईच्या अंगावरून रक्त जाऊ लागलं. नागपुरात लाइटीचे शेक, म्हणजे रेडिएशन, दिले. धुरपता तिच्या उशाशी राहिली. पण रोग दूरवर पसरला होता. धान कापणीला आला तेव्हा रुखमाबाई गेली.

तिचे दिवसपाणी उरकल्यावर धुरपता गावच्या बायकांना घेऊन दवाखान्यात आली. तिथे आता डॉक्टर रीता होत्या, अगदी तरुण. "माही जाऊ आली तवा बंद होतं, ते मशीन आमाले दाखवा," धुरपता म्हणाली. खोके बाजूला झाले. रीता मॅडमनी नवा दिवा मागवला आणि तो आठवड्याच्या आतच आला.

जुना दिवा काढून त्यांनी टेबलावर ठेवला. धुरपताने तो तळहातावर घेतला. करंगळीच्या पेराएवढा होता.

"एवढुसाच?"

"हो."

"मंग तवाच काऊन नाई आनला?"

रीता मॅडमनी नवा दिवा बसवून बटण दाबलं. जुना दिवा गेला त्या वर्षी त्या शाळेत शिकत होत्या.

आता माझ्याकडे पुन्हा बायका येतात. कोणाचा चट्टा सापडतो, त्याच दिवशी शेकला जातो आणि ती आपल्या पायांनी घरी जाते. तिच्याकडे पाहताना मला आनंद होतो. तो पुरा मात्र होत नाही.

मित्रांनो, तुमच्या वयाच्या मुलींसाठी आता लस आहे. ती घ्या. आईला, काकूला सांगा, दुखत नसलं तरी तपासून ये. आणि उद्या तुम्ही मोठे होऊन एखाद्या दवाखान्यात काम करू लागलात, तर बंद पडलेलं यंत्र आधी दुरुस्त करा. दारात आलेल्या बाईला परत पाठवू नका. तिला यायलाच किती धीर गोळा करावा लागला असेल, ते तुम्हाला ठाऊक नसतं.