भागीरथाबाईंचं मौन आणि माझं फाडलेलं पान

मित्रांनो, असं नाक मुरडू नका. मी एक जुनं पुस्तक आहे, वाचनालयाचं. पाठीला खाकी कागदाची पट्टी आहे, कोपरे मुडपलेले आहेत आणि अंगाला बिडीचा, हळदीचा, गोडेतेलाचा असा सगळा मिळून एकच वास येतो. मी थकलोय. माणसं माझ्याकडे मनाची शांती मागत आली, आणि माझी स्वतःची शांती कधीच गेली.

नागपूरच्या एका छापखान्यात मी जन्मलो. गरम शिसं, शाईचा वास, यंत्राची धडधड! तेव्हा मला वाटलं होतं, वा, आपण काहीतरी मोठं करणार. माझं नाव 'मनाचे एकवीस दरवाजे'. मला लिहिणारे स्वामीजी कुठल्याशा आश्रमात राहायचे. मुखपृष्ठावर केशरी आकाश, त्यात एक उघडं दार. माझ्या जोडीचे हजारो भाऊ गावोगाव गेले. मी एसटीच्या टपावर, खोक्यात बसून, वैनगंगा ओलांडून आरमोरीला आलो. साल एक्क्याऐंशी.

बाजाराजवळच्या वाचनालयात नानाजी ग्रंथपाल होते. त्यांनी माझ्या शेवटच्या पानावर एक कोरा कागद चिकटवला आणि वर लिहिलं, 'वाचकांचे अभिप्राय'. बस, तिथून माझे हाल सुरू झाले.

पहिला अभिप्राय बापूराव गुरुजींचा. ते निवृत्त शिक्षक. मोत्यासारख्या अक्षरात त्यांनी लिहिलं, 'प्रत्येक घरात असावे असे पुस्तक. जीवन उजळले.' त्याखाली दवाखान्यातल्या नर्सबाईंनी लिहिलं, 'तीन पानांत झोप लागते. आभारी आहे.' कुणी लिहिलं, 'रडू आले.' कुणी लिहिलं, 'हसू आले.' एकानं तर फक्त एवढंच लिहिलं, 'पान ४०वरचा चहा माझा नाही.'

आणि मग मुखरूभाऊ! वाचनालयाशेजारी त्यांचं सायकलदुरुस्तीचं दुकान. हाताला ग्रीस, कानावर पेन्सिल. ते मला वाचायला नेत नसत, भांडायला नेत. माझ्या समासात त्यांनी सतरा ठिकाणी 'खोटं!' असं लिहिलं. 'भूक हा मनाचा खेळ आहे' या माझ्या वाक्याशेजारी त्यांनी लिहिलं, 'स्वामीजीले एक दिवस उपाशी ठेवून पाहा.' ते वाचून नानाजी चिडायचे.

"मुखरू, सरकारी पुस्तक आहे ते! खराब काऊन करतोस?"

"खराब नाई करून राह्यलो, नानाजी. उत्तर देऊन राह्यलो. ते येवढं बोलते, मी दोन शब्दबी बोलू नोको?"

सकाळी कुणीतरी मला डोक्याला लावायचं आणि संध्याकाळी कुणीतरी आपटायचं. पाच वर्षं हेच. मी तोच, अक्षरं तीच. कुणाचं मन शांत झालं तर शाबासकी मला, नाही झालं तर शिव्याही मलाच. तुम्हीच सांगा, थकवा येणार नाही का?

आता माझ्या जखमेची गोष्ट सांगतो.

माझा नववा दरवाजा मौनाचा. ब्याण्णवाव्या पानाच्या शेवटी वाक्य आहे, 'एकवीस दिवस मौन पाळा, मनातला राग आपोआप विरघळेल.' समोरच्या त्र्याण्णवावर पुढचं वाक्य होतं, 'परंतु ज्याच्या शब्दावाचून दुसऱ्याचे काम अडते, त्याने मौन धरू नये. ते मौन नव्हे, तो हट्ट होय.' त्याच पानाच्या मागे, चौऱ्याण्णवावर, सकाळी म्हणायची प्रार्थना होती. आठ ओळींची. आणि पंचाण्णवावर सरळ दहावा दरवाजा.

बापूराव गुरुजींना ती प्रार्थना इतकी आवडली, इतकी आवडली की एके दिवशी त्यांनी दाढीचं पातं घेतलं आणि ते पान अलगद कापून काढलं. अगदी मुळापासून. कापताना त्यांचे ओठ प्रार्थनाच म्हणत होते. मुखरूभाऊंनी सतरा वेळा शिव्या दिल्या, तेव्हा मला इतकं लागलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी मला परत केलं. गुरुजींनी आणलेलं पुस्तक कोण तपासतो? नानाजींनी तसंच फळीवर ठेवलं.

पुढं शहाऐंशीच्या पावसाळ्यात मला सीतानं घरी नेलं. नववीतली पोर. वाचायची भारी हौस तिला, औषधाच्या बाटलीवरचा कागदसुद्धा सोडायची नाही. तिचा बाप सोमाजी आलापल्लीच्या लाकडाच्या डेपोत कामाला, पंधरा-पंधरा दिवस घरी यायचा नाही. घर आणि शेत सगळं तिच्या आईच्या अंगावर. आई म्हणजे भागीरथाबाई.

भागीरथाबाईंना वाचता येत नव्हतं, पण बोलता काय यायचं! रोवणीच्या वेळी बाया चिखलात वाकून धान लावतात ना, तेव्हा गाणं उचलायचं ते भागीरथाबाईंनीच. त्यांचा आवाज चार बांध्या, म्हणजे धानाची चार खाचरं, ओलांडून जायचा. पण भांडणही तितक्याच आवाजात. मागच्या वर्षी त्यांच्या जावेनं, रुखमाबाईंनी, धुरा म्हणजे बांध फोडून पाणी आपल्याकडे वळवलं म्हणून त्यांनी तिला भर बांधीत म्हटलं होतं, "जाऊन चुलीत पड!" नंतर त्यांचं मन त्यांनाच खात राहिलं. रुखमाबाईंशी बोलणं तुटलं ते तुटलंच.

सीता कंदिलाजवळ बसून मला मोठ्यानं वाचायची आणि आई लाखोळीची डाळ निवडत ऐकायची. नववा दरवाजा आला. 'मनातला राग आपोआप विरघळेल.' सीतानं समोरच्या पानावर पाहिलं, तर दहावा दरवाजा. तिला वाटलं, धडा संपला.

भागीरथाबाईंचे हात थांबले. "काय म्हणलं? पुन्हा वाच."

सीतानं पुन्हा वाचलं.

"येकवीस दिस?"

"हाव, माय."

"माया तोंडानंच माया घात केला, पोरी. उद्यापासून धरतो मी मौन. मंग रुखमाच्या दारात जाईन."

मी ओरडलो, मित्रांनो! "नाही, पुढचं पान राहिलं!" असं जीव तोडून ओरडलो. पण पुस्तकाचं ओरडणं कुणाला ऐकू येतं?

त्यांच्या मोहल्ल्यात बाया एकमेकींच्या रोवणीला जायच्या. आज तुझ्या बांधीत, उद्या माझ्या. पण त्यांची एक रीत होती. ज्या घरची रोवणी, त्या घरच्या बाईनं आदल्या संध्याकाळी स्वतः प्रत्येकीच्या दारात जायचं, कुंकू लावायचं आणि स्वतःच्या तोंडानं 'उद्या माया बांधीत या' म्हणायचं. निरोप धाडला तर तो मान नव्हे. आणि मानाशिवाय कुणी पाय उचलायचं नाही.

मौनाच्या तिसऱ्या दिवशी बांधीत पाणी साचलं. पऱ्हेही, म्हणजे धानाची रोपं, रोवायला आले. तीन बांध्या, त्यांच्या वर्षभराचा भात. भागीरथाबाईंनी खुणा करून कुंकवाचा करंडा सीताच्या हातात दिला. मी तिच्या दुसऱ्या बगलेत होतो, कारण कुणी विचारलं तर पुस्तक दाखवायचं असं तिनं ठरवलं होतं. बिचारी पहिल्यांदा रुखमाबाईंच्याच दारात गेली.

"काऊन वो सीते? तुया मायच्या तोंडाले कुलूप लागलं का?"

"मौन धरलं हाय, काकू. या पुस्तकात लिवलं हाय."

"मौन!" रुखमाबाईंनी सूप आपटलं. "मले चुलीत पड म्हणाली, तवा बरी जीभ होती थिची! अन् आता बलावणं द्याची येळ आली, तं पोरीले धाडते? जा, सांग तुया मायले. तिले मौन, तं आमालेबी मौन."

बाकीच्या बायाही तेच म्हणाल्या, कुणी हसून, कुणी फणकाऱ्यानं. एकीनं तर मला हातात घेऊन उलटं-पालटं केलं आणि म्हणाली, "येवढूशा पुस्तकानं येवढी मोठी बाई गप केली? माया सासूसाठी नेऊ का?"

चौथा दिवस गेला. पाचवा गेला. मायलेकी दोघीच वाकून रोवत राहिल्या. गाणं नाही, हसणं नाही, नुसता चिखलाचा चपचप आवाज. दिवसभरात एका बांधीचा कोपरासुद्धा होईना. पऱ्हे जुने होऊ लागले. त्यांना कांडी धरली, म्हणजे बुंध्याला पेरं आली, की मग रोवून काही उपयोग नसतो. शेंडे पिवळे दिसायला लागले. भागीरथाबाई धुऱ्यावर बसून त्या शेंड्यांकडे बघत राहायच्या. डोळ्यांतून पाणी, पण ओठ घट्ट. सीता म्हणायची, "माय, सोड ना वो मौन!" तर त्या माझ्याकडे बोट दाखवायच्या. पुस्तकात एकवीस लिहिलंय.

नवव्या दिवशी सीतानं मला उचललं, तरातरा वाचनालयात आली आणि नानाजींच्या टेबलावर असं आपटलं की माझा कणाच निखळला.

"हे ठेवा तुमचं पुस्तक! आमचं धान खाल्लं यानं!"

शेजारून मुखरूभाऊ हात पुसत आले. सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी मला उघडलं. नववा दरवाजा, ब्याण्णव... पंचाण्णव.

"कोणं फाडलं बे हे पान?" ते इतक्या जोरात ओरडले की बाहेरचं गिऱ्हाईक दचकलं. "अख्ख्या पुस्तकात एका जागी मी 'बरोबर' लिवलं होतं, अन् थेच चोरलं!"

"काय होतं त्या पानावर, भाऊ?" सीतानं विचारलं.

"हेच, की ज्याच्या बोलण्यावाचून दुसऱ्याचं काम अडते, त्यानं मौन धरू नोय. म्या खाली दोन रेघा मारल्या होत्या पेन्सिलीनं."

काय सांगू मित्रांनो मला काय वाटलं! ज्यानं मला खोटं, खोटं म्हणून पिंजून काढलं, त्यालाच माझं खरं वाक्य पाठ होतं.

सीता मला घेऊन पळत घरी गेली. पण भागीरथाबाईंनी मान हलवली आणि हात पुढं केला. पान दाखव. आता पान कुठून दाखवणार? मुखरूचं नाव ऐकल्यावर तर त्यांनी कपाळालाच हात लावला. पुस्तकाला शिव्या देणाऱ्याचा काय भरवसा?

तेव्हा सीताला आठवलं. गुरुजींच्या घरी प्रसादाला गेली असताना देवघराजवळच्या भिंतीवर छापील प्रार्थना पाहिली होती तिनं. ती तशीच, चिखलाच्या पायांनी गुरुजींच्या अंगणात उभी राहिली. ज्यांच्यासमोर ती पाढे म्हणताना थरथरायची ते गुरुजी! तिनं मला पुढं धरलं. मग म्हणाली, "गुर्जी, भितीवरचं पान या पुस्तकातलं हाय का?"

गुरुजींनी भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाले, "हो बेटा. मीच कापलं."

"त्याच्या मागं काय लिवलं हाय, थे पाह्यचं हाय."

गुरुजींनी पान सोडवून बघितलं. पण ते तांदळाच्या खळीनं असं पक्कं चिकटवलेलं होतं की नखाबरोबर तुकडे निघाले. माझं त्र्याण्णवावं पान भिंतीकडे तोंड करून होतं, मित्रांनो. प्रार्थना बाहेर आणि ते वाक्य आत. ते निघालं नाही ते नाहीच.

मग गुरुजींनी टोपी घातली. "चल, मी येतो."

भर दुपारी, सगळ्या मोहल्ल्यादेखत, गुरुजी भागीरथाबाईंच्या ओट्यापाशी उभे राहिले. बाया दारादारांत आल्या. गुरुजींची मान खाली होती. "भागीरथाबाई, मुखरू खरं बोलतो आहे. ते वाक्य तिथं होतं. पान मी फाडलं. चूक माझी आहे."

भागीरथाबाई उठल्या. नऊ दिवसांची ती जीभ सुटली!

"गुर्जी!" अहो, चार बांध्या ओलांडून गेला तो आवाज. "माये पऱ्हे पिवळे पडून राह्यले, अन् तुमी भितीवर चिकटवून पूजा करून राह्यले? पोट्ट्यायनं पुस्तकाले नुसता पाय लावला, तं छडी मारत होते ना तुमी? आता तुमाले कोणं मारावं? सांगा!"

"तुम्हीच सांगा, बाई," गुरुजी म्हणाले.

समोरच्या दारातून खुदकन हसू आलं. रुखमाबाई होत्या. "आली वो बाई, भागीरथाची जीभ जागेवर आली!"

भागीरथाबाई वळल्या. करंडा घेतला. सगळ्यांच्या आधी रुखमाबाईंच्या दारात गेल्या, त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं. "रुखमा, चुलीत पड म्हणलं होतं मी तुले. माया तोंडाले आग लागो. उद्या माया बांधीत ये वो."

रुखमाबाईंनी डोळ्याला पदर लावला. "येतो. पण गाणं तू उचलशील तं."

दुसऱ्या दिवशी चौदा बाया वाकल्या. गुरुजी आणि मुखरूभाऊ दोघंही पऱ्ह्यांच्या मुठी वाहत होते आणि वाहता वाहता माझ्यावरून भांडत होते, चांगलं की वाईट म्हणून. मी धुऱ्यावर, सीताच्या डब्याजवळ, फडक्यात गुंडाळलेला होतो. दोन बांध्या झाल्या. तिसरीचे पऱ्हे मात्र हातात घेताच कळलं, कांडी धरली होती. ते तसेच टाकून द्यावे लागले.

सीतानं मला परत केलं तेव्हा आईचा अभिप्राय कागदावर उतरवला, जसा सांगितला तसा. 'पुस्तक बरं हाय. पण पुरं असन तवाच द्यावं.'

मित्रांनो, मी फार शहाणा नाही. माझ्यात चुका असतील, सतरा तर मुखरूभाऊंनी मोजून दाखवल्याच आहेत. मला भजू नका. माझ्याशी भांडा, समासात पेन्सिलीनं उत्तर द्या, डुलकी आली तर छातीवर ठेवून झोपा. फक्त माझं पान फाडू नका. तुमच्या मागून मला कोण उघडणार आहे आणि त्याला कुठलं वाक्य हवं असणार आहे, हे तुम्हाला माहीत नसतं. मलाही माहीत नसतं.

त्या हिवाळ्यात कापणीच्या वेळी सीतानं मला पुन्हा नेलं, तेव्हा सगळीकडे पिवळं धान डुलत होतं. मधे भागीरथाबाईंची तिसरी बांधी तेवढी उघडी पडली होती, आणि तिच्यात रुखमाबाईंच्या शेळ्या चरत होत्या. भागीरथाबाईंनी त्यांना हाकललं नाही.