तिच्या पसंतीचा आवाज

अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचा होता आमच्या घरात ठेवायला, आणि पसंत करायला बोलावलं लुसिदाल्वाला! ऐकलंत? अर्धा जन्म मी त्या माणसाची गिटार ऐकतेय. मासा तळताना ऐकतेय, ताप आला तेव्हा अंथरुणात पडून ऐकतेय. पण कान म्हणे लुसिदाल्वाचा चांगला.

जुरांदिर माझा नवरा. बार्कारेनात आणि नदीकाठच्या सगळ्या गावांत नाच असला की त्याचीच गिटार. आमच्याकडे गिटारच गाते, शब्दांवाचून कुणाचं अडत नाही. तरी त्यांच्या बँडने ही लुसिदाल्वा ठेवली होती, मधूनमधून चार गाणी म्हणायला. पुढे ती लग्न करून माकापाला गेली, तेव्हा मी देवाला मेणबत्ती लावली. यंदा तिचा नवरा वारला आणि बाई परत आली. वाईट झालं, नाही म्हणत नाही. पण ती हसली की अजूनही अख्खी गल्ली वळून बघते, त्याला मी काय करू?

डॉक्टरांनी जुरांदिरची जागरणं बंद केली. म्हणजे आता वाजवायचं ते घरात. त्याचा जुना अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे कपाटाएवढं धूड. मैदानात तो राजा, पण घरात आवाज बारीक केला की दमेकऱ्यासारखा घुसमटायचा. मोठा करावा तर शेजारच्या दोना झेफाच्या, म्हणजे झेफाबाईंच्या, कोंबड्या अंडी द्यायच्या थांबायच्या.

"मला उबदार आवाज हवा," जुरांदिर म्हणाला. "उबदार आणि स्वच्छ. बारीक ठेवला तरी भरलेला वाटला पाहिजे."

मला बरंच वाटलं. म्हटलं, आता माणूस संध्याकाळी माझ्या डोळ्यांसमोर बसेल.

"उद्या बेलेमला जाऊ. लुसिदाल्वा येतेय."

"ती कशाला? तिला काय विजेचं कळतं?"

"विजेचं नाही गं, आवाजाचं कळतं."

"आणि मला?"

"तू पण चल की."

तू पण! भाजी घेतली की वर कोथिंबिरीच्या दोन काड्या मिळतात, तशी मी.

नदीपलीकडच्या त्या शहराला जाताना बोटीत मी दोघांच्या मध्ये बसले आणि गिटार माझ्या मांडीवर घेतली. लुसिदाल्वा माझ्या डोक्यावरून त्याच्याशी बोलत होती. अमक्या नाचात पाऊस आला होता, तमक्या नाचात ढोलवाला नदीत पडला होता. दोघं खो खो हसत होते. मी त्या नाचांना नव्हते. मी घरी पोरांना झोपवत होते.

दुकानदार एवेराल्दो जुरांदिरला ओळखत होता. त्याने आधी एक बटणांनी भरलेला डबा पुढे केला. एक बटण दाबलं की देवळात वाजतंय, दुसरं दाबलं की विहिरीत. जुरांदिरने दोन सूर छेडले आणि तोंड वाकडं केलं.

"सोंगाड्या आहे," तो म्हणाला.

मग एक चिमुकला आणला, जुन्या रेडिओसारखा व्हॉल्व्हचा, पाच वॉटचा. तापायला जरा वेळ लागला, पण पहिला सूर असा आला की मी हातातली पिशवी खाली ठेवली. तेवढ्यात जुरांदिरने जरा जोरात तार ओढली आणि तो खरखरला.

"जीव लहान आहे त्याचा," लुसिदाल्वा म्हणाली. "जोर सोसत नाही. व्हॉल्व्हचाच बघा, पण थोडा मोठा. पंधरा वॉटचा, बारा इंची स्पीकरचा."

एवेराल्दोने मान डोलवली. जुरांदिरनेही डोलवली. बाईने मागितला तो आतून आला. जुरांदिर डोळे मिटून वाजवायला लागला आणि ती सरळ पुढे झाली. तिने ट्रेबलचं बटण थोडं मागे फिरवलं, बेस जरासा वाढवला. ना विचारलं, ना सांगितलं. परक्या बाईने येऊन माझ्या कालवणात मीठ टाकावं तसं झालं मला! आणि त्याने डोळे उघडलेसुद्धा नाहीत. कुणाचा हात आहे ते त्याला ठाऊक होतं.

"कसा आहे?" त्याने विचारलं.

"हाच," ती म्हणाली.

"मला नाही आवडला," मी म्हटलं. "त्या बटणांच्या डब्यात काय वाईट होतं? एवढ्यात किती आवाज मिळतात!"

खोटं बोलत होते मी. तो आवाज मलाही आवडला होता. पण तिने हो म्हटल्यावर मी हो म्हणायचं? मेले तरी नाही.

जुरांदिर माझ्याकडे बघून हसला, लहान पोराकडे बघावं तसा, आणि एवेराल्दोला म्हणाला, "बांधा."

दुसऱ्या दिवशी संत जुआंवच्या सणाची आदली संध्याकाळ. दारोदार शेकोट्या पेटलेल्या. जुरांदिरने अ‍ॅम्प्लिफायर उंबऱ्याशी ठेवला, आणि ऐकायला तिला बोलावलं हे सांगायलाच नको. गल्ली जमली. मी मक्याची खीर वाढत होते. लुसिदाल्वा माझ्या बाकावर डोळे मिटून बसली होती आणि हा तिच्याकडे बघून वाजवत होता. मी तीनदा वाटी पुढे केली, त्याला वाटी दिसली नाही.

तेव्हा मला एकदम सुचलं. आमच्याकडे त्या संध्याकाळी दोघं जण शेकोटीवरून एकमेकांचा हात धरतात, संत जुआंवचं नाव घेतात आणि जाळाला तीन फेऱ्या घालतात. झाले जन्माचे सोयरे, पुरुष तो कोंपाद्री आणि बाई ती कोमाद्री. मग भांडण नाही, शिवी नाही, आणि बाई-पुरुष असतील तर वाकडी नजरसुद्धा नाही. ते नातं मोडलं तर माणूस मेल्यावर आगीचा गोळा होऊन नदीवर भटकतो, असं माझी आई सांगायची.

"अहो, इतकी वर्षं एकत्र गायलात-वाजवलंत," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "आणि अजून नुसती नावं घेता एकमेकांची? उठा, शेकोटीचं नातं जोडा बघू!"

मला वाटलं होतं, बाई काचकूच करेल. मग सगळ्या गल्लीसमोर तिचं बिंग फुटलं असतं.

"अगं बाई, खरंच की! आजवर कुणाला सुचलं कसं नाही?" लुसिदाल्वा हसत उठली आणि तिने जाळावरून हात पुढे केला.

जुरांदिर उठला नाही. गिटारची खुंटी पिळत बसला.

"धूर फार आहे," म्हणाला. "पुढच्या वर्षी बघू."

वारा नदीकडे होता. सगळा धूर तिकडेच चालला होता.

"या की हो कोंपाद्री, हात भाजतोय माझा!"

"मला तसं म्हणू नकोस," तो म्हणाला.

हळूच म्हणाला. पण गिटार थांबलेली होती, सगळ्यांना ऐकू गेलं. दोना झेफाने खिरीचा चमचा तोंडातच धरून ठेवला.

लुसिदाल्वाचं हसू गेलं. तिने आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. देवाशप्पथ सांगते, त्याच्या मनातलं त्या बाईला ठाऊक नव्हतं. तिच्या चेहऱ्यावरून रंग असा उतरला की तसं सोंग कुणाला आणता येत नाही.

तिने हात मागे घेतला, शेकोटीला वळसा घालून माझ्यापाशी आली आणि माझं मनगट धरलं.

"दोना ओनेइद, तुम्ही चला."

"मी?"

"तुम्हीच. चला लवकर."

तिने जाळावरून माझा हात धरला. संत जुआंवचं नाव तीच घेत होती, मी मागून पुटपुटत होते. तीन फेऱ्या झाल्या. तिने माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले.

"कोमाद्री," ती म्हणाली, "मी आता तुमच्या घरी येणार नाही. राग मानू नका." आणि शाल आवळून निघाली.

गल्लीतल्या बाया माझ्याकडे बघत होत्या. मी खिरीचं पातेलं उचललं, कारण हातांना काहीतरी हवं होतं. कालपर्यंत जिला मनातल्या मनात सवत म्हणत होते, ती माझी कोमाद्री झाली. आता तिला शिवी देणंही पाप. राग काढायला राहिला हा एकटा, आणि तो गिटार मांडीवर घेऊन ती गेली त्या वाटेकडे बघत होता.